ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर

३ मार्च
दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं. टायपिंग बंद. पेशंट आणि मी नुसतं बोलायचं, ते ऐकून पेशंटच्या नावाचा केसपेपर आपोआप तयार. बायको (तीही डॉक्टर, शेजारच्या केबिनमध्ये बसते) म्हणाली, थोडे दिवस तपासून मग वापरू. तिला नव्याची धास्तीच. मी आजच सुरू केलं. दोन संकल्प : पेशंटकडे बघून बोलणे. लिफ्ट सोडून जिन्याने जाणे.

४ मार्च
जिना. मध्येच बसावं लागलं. बूट नवीन आहेत.
सॉफ्टवेअर अप्रतिम. हात मोकळे झाले की गप्पा रंगतात. शिंपी पाठदुखीसाठी आले होते. म्हटलं, पाठीचं काय घेऊन बसलात, माझा डावा खांदा बघा. भरपूर बोललो. ते पाठ धरूनच गेले. समाधान झालं असावं.

६ मार्च
आणखी एक सोय : केसपेपरवर सही आपोआप. 'सहीपूर्वी वाचून घ्या' असं बारीक अक्षरांत आहे. ते नवशिक्यांसाठी.
हेडमास्तरांना छातीवरच्या दडपणाबद्दल सांगितलं. ॲसिडिटीच. ते म्हणाले, कुणाला तरी दाखवून घ्या. हल्ली पेशंट नेटवर काहीबाही वाचतात.

९ मार्च
जिना पुढच्या आठवड्यापासून. खांदा माउसमुळे दुखतो. माउस आता वापरत नाही. म्हणजे पूर्वीच्या माउसमुळे.

११ मार्च
स्क्रीनवर लाल पट्टी. साथीचा इशारा! आमच्याकडे एकाच तक्रारीचे पेशंट एकाएकी वाढलेत : चढताना धाप, छातीवर दडपण, डावा खांदा. शिंपी, हेडमास्तर, बेकरीवाल्या बाई. एक शाळकरी मुलगीसुद्धा. ती कान दुखतो म्हणून आली होती. कान हे पहिलं लक्षण असणार.
अख्ख्या गावात हे फक्त माझ्या लक्षात आलं. डॉक्टरांच्या असोसिएशनला फोन करून भाषण ठरवलं. रोगाला माझं नाव द्यावं की नाही, यावर विचार चालू. देणार.

१२ मार्च
भाषणाची तयारी. घाम फार येतोय. व्यासपीठाचं टेन्शन.
साथीची बातमी बायकोला सांगितली. वाटलं, कौतुक करेल. तिने केसपेपर वाचले, शिंप्यांना फोन लावला. मग हेडमास्तरांना. मग माझ्या केबिनचं दार लावून घेतलं.
"हे सगळे मिळून एकच पेशंट आहे," ती म्हणाली. "आणि तो माझ्या शेजारी झोपतो. शर्ट काढ."
मी म्हटलं, बाहेर पेशंट खोळंबलेत. ती ऐकेना. ईसीजी काढताना तिने तारा दोनदा चुकीच्या जागी लावल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी पाहिलं नव्हतं. ईसीजीची पट्टी मीही वाचली. मशीन जुनं आहे, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

१४ मार्च
हॉस्पिटल. काल स्टेंट टाकला. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं म्हणून इथले डॉक्टर वाक्य अर्धं सोडतात. ही माझी पद्धत होती. पेशंटला किती त्रास होतो, कल्पना नव्हती.
शिंप्यांना बायकोने बोलावून नीट तपासलं. त्यांच्या पाठीला मी काहीच दिलं नव्हतं म्हणे.
भाषण रद्द. असोसिएशनने कारण विचारलं तेव्हा काय सांगितलंस, असं बायकोला विचारलं. म्हणाली, साथ आटोक्यात आली. रुग्णाला दाखल केलंय.