जुन्या गावाला कोणता रंग

६ जाने., नांदेड
प्रोजेक्टचा विषय मंजूर. आमच्याच तालुक्याचा जमीन-वापराचा नकाशा. उपग्रहाची इमेज लोड केली, सॉफ्टवेअरनं रंग लावून दिले. शेत पिवळं, पाणी निळं, वस्ती लाल, पडीक करडं. आपलं जुनं गाव करड्यात गेलं. बरोबरच म्हणा. भूकंपानंतर तिथं दगड नि बाभळीच आहेत. तरी त्यावरच झूम करून बसले.

रूममेट रिझवाना (कंधारची) शेजारच्या कॉम्प्युटरवर लातूर शहराचा नकाशा करतेय. तिचं उलटं. जुन्या इमेजमध्ये शेतं, नव्यात सगळं लाल. क्लासेस वाढले, त्यांच्या मागं होस्टेलं. म्हणाली, तुझ्या भावाची खोली ह्या लालात कुठंतरी असंल बघ. नितीनची बारावी तिथंच चालूय.

११ जाने.
सर म्हणाले, नकाशा तालुक्याच्या आराखड्यासाठी देऊ. पडीक जमिनीवर गोदाम काढायचं तिकडं चाललंय. पण रंग पक्का करण्याआधी जागेवर जाऊन बघून या.

म्हणजे जुन्या गावात जाणं आलं. एवढी वर्षं तिकडं कधी गेलेच नाही. माझी माय तिथंच गेली. मला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा मी वर्षाची, नीट चालताही येत नव्हतं.

१८ जाने., गावी
अण्णांना म्हटलं, सोबत चला. म्हणाले, ऊसतोडीची माणसं यायची हायत. मग हात धुता धुता, "पडीकच लिव की. गोदाम आलं तर चार पोरांला काम लागंल. दगडं राखून काय करायचंय?"
त्यांचं चूक तर नाही.

आई भाकरी थापत होती. सावत्र आहे, पण तो शब्द आमच्या घरात नाही. तिचा पहिला नवरा भूकंपाच्या त्याच पहाटे गेला. लोकांनी अण्णांचा नि तिचा, दोन मोडके संसार एक करून दिले, मग नव्या गावात नितीन झाला. तव्यावरची भाकरी उतरवून म्हणाली, "मी येते."

१९ जाने.
गेलो. काटेच काटे. मी जीपीएस धरून बिंदू घेत होते, आई पुढं. तिला वाट विचारावी लागली नाही. मारुतीच्या चौथऱ्याच्या अलीकडं थांबली. इथं तुमचं घर, म्हणाली. माय तिच्याकडून ताक न्यायची, उंबऱ्यात बसून बोलत राहायची, लई हसायची.

माय हसायची हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घरात तिचा फोटो आहे तो लग्नातला, त्यात मान खाली.

थोडं पुढं एक पायरी तेवढी शिल्लक. तिथं आई बसली. मशीनमध्ये प्रत्येक बिंदूला नाव द्यावं लागतं, म्हणून विचारलं, इथं काय टाकू?
"संगीता टाक."
"कोण?"
"माझी लेक. तुझ्याच बरोबरीची."

नवऱ्याचं माहीत होतं. लेकीचं कुणी बोललं नव्हतं. मी नाव टाकलं. मग ती उठली नि वाळल्या फांद्या गोळा करायला लागली. येताना दोघींच्या डोक्यावर सरपण.

जेवताना अण्णा फक्त एवढंच, वेस उभी हाय का अजून? आई म्हणाली, एक बाजू.

२७ जाने., नांदेड
सरांशी बोलले. नकाशातले वर्ग ठरलेले आहेत, त्यात जुन्या गावठाणाला जागा नाही. म्हणाले, जमीन आज कशाला वापरतात ते दाखवायचं, पूर्वी काय होतं ते नाही. रिझवाना मध्येच म्हणाली, कब्रस्तानाला वर्ग आहे की सर. सर म्हणाले, कागदावर ती जागा स्मशान नाही.
सगळ्यांना तिथंच अग्नी दिला होता. पण कागदावर नाही, हे खरं.

२ फेब्रु.
आईला फोन. सरळच विचारलं, गोदाम झालं तर तुला चालेल का? म्हणाली, झालं तर झालं, अण्णा खोटं न्हाई बोलत, पोरं रिकामी फिरत्यात. मला वाटलं संपलं. मग म्हणाली, "पर पडीक म्हनू नको. पडीक म्हंजी कोनाचंच न्हाई ते."

९ फेब्रु.
आठवडाभर करडं-लाल-करडं. शेवटी वेगळा वर्ग केला, ‘जुने गावठाण’, रंग विटकरी. अहवालात त्याची कारणं दिली. संगीताचा बिंदू आहे, नाव छापलं नाही.

सरांनी वाचलं. म्हणाले, तोंडी परीक्षेत धरतील तुला. आणि तालुक्याच्या नमुन्यात हा रंग बसत नाही, तिथला कुणीतरी तो करडा करून टाकेल.
म्हटलं, करू देत सर, माझ्या हातून नको.
त्यांनी सही केली नाही. परतही दिलं नाही. सोमवारी सांगतो म्हणाले.

संध्याकाळी अण्णांचा फोन. एरवी आईच करते. उसाचं, नितीनच्या सराव परीक्षेचं बोलले. ठेवता ठेवता, "ते मशीन परत मिळंल का गं रविवारी?" कशाला, म्हटलं. तर म्हणाले, बघू, नि ठेवलाच.

लॅबच्या रजिस्टरला रविवारसाठी जीपीएसवर माझं नाव लावून आले.