वरची मूठ

अमरावती,
मे महिन्यातली दुपार

प्रिय शेखर,

गेली चार वर्षं मी तुला लिहिते आहे, पण सगळं इंग्रजीत आणि 'भागीरथा गृहउद्योग' या नावाने. माल रवाना झाला, कागद सोबत जोडले आहेत, पोच द्यावी. तूही तशीच उत्तरं देतोस. खाली तुझ्या कंपनीचं नाव आणि रॉटरडॅमचा पत्ता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला व्यापारी पत्र वेगळं आणि घरगुती पत्र वेगळं शिकवलं होतं. तुला यातलं दुसरं लिहायची वेळ येईल, आणि तेही मराठीत, असं आज सकाळपर्यंत वाटलं नव्हतं. लिहायला बसल्यापासून दोनदा उठून कूलरमध्ये पाणी ओतून आले. टाकी भरलेलीच होती.

आधी इकडचं सांगते. ऊन असं आहे की बडनेऱ्याच्या स्टेशनवर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमच्या कामाला मात्र हेच ऊन लागतं. बेबीताईंच्या भातकुलीच्या गच्चीवर सकाळी सहाला बाया जमतात, धोतरं अंथरतात, आणि दहाच्या आत कुरड्या, बिबडे घालून मोकळ्या होतात. सरगुंडे तेवढे सावलीत बसून वळायचे. बारीक काडीवर कणकेचा दोरा गुंडाळत न्यायचा, सुकला की अलगद ओढून काढायचा. घाई केली की तुटतो. माझे अजूनही तुटतात, आणि बेबीताई म्हणतात, "मॅडम, तुमी कागद करा बरं. पीठ खराब करून राहिल्या तुमी."

तर मी कागद करते. माझे यजमान अनुप गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. घरात एकटीला करमेना, म्हणून बेबीताईंना लेबलं लिहून द्यायला लागले. आईचं नाव उद्योगाला द्यायचं त्यांनीच सुचवलं. दोन वर्षं आम्ही अकोल्याच्या दुकानांना आणि इथल्या होस्टेलांना माल दिला. मग तुझा पहिला मेल आला. पत्ता कुठून मिळवलास ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. परदेशातून मागणी आली म्हणून बेबीताईंनी गच्चीवर पेढे वाटले. त्या एका मागणीच्या बळावर मी दुबईला आणि सिंगापूरला पत्रं लिहिली. आमचा माल रॉटरडॅमला जातो, हे एक वाक्य पुरायचं.

बाहेरच्या देशात माल विकणं म्हणजे काय, ते मला साठीनंतर कळलं. दुबईचा व्यापारी म्हणतो तिखट वाढवा, सिंगापूरची बाई म्हणते कमी करा. सिंगापूरला हवेत इतका ओलावा की आमचे कडकडीत बिबडे तिथे पोचेपर्यंत मऊ पडले. मग दुहेरी पिशव्या आल्या. गहू आहे हे लेबलवर ठळक छापा, कारण कुणाला तो बाधतो. सरगुंडे म्हणजे काय हे तिथल्या लोकांना कळेना, तेव्हा मीच म्हटलं, 'वऱ्हाडी पास्ता' छापू या. बेबीताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते लेबल तिथेच फाडलं. शेवटी नाव 'सरगुंडे'च ठेवलं आणि खाली कसे शिजवायचे ते चार ओळींत लिहिलं. तुला त्या चार ओळींची गरज नव्हती, पण तुझ्याही पुड्यांवर त्या होत्या.

आणि गेल्या वर्षीची ती गंमत. गंमत आता म्हणते, तेव्हा मला जेवण जात नव्हतं. दुबईचा सगळा माल बंदरात अडकला. पुड्यावर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळेना. कमी भरलं असतं तर समजण्यासारखं होतं, भरलं होतं जास्त, आणि प्रत्येक पुड्यात वेगवेगळं. तो व्यापारी फोनवर ओरडत होता, की मैडम, आप लोग छुपाके क्या भेज रहे हो. मी गच्चीवर जाऊन विचारलं. बायांनी माझ्याकडेच नवलाने पाहिलं. इंदूबाई पुडे भरतात, त्या म्हणाल्या, "वरून मूठ टाकतो ना आमी." काहून, म्हटलं. तर म्हणतात, "इतक्या लांब पाठवून राहिलो. लेकीच्या घरी मापून पाठवते का कोनी?"

माझ्या लग्नानंतर आईनेही डबा भरून झाल्यावर वरून मूठ टाकली होती. झाकण लागेना म्हणून बाबांनी सुतळी बांधली. आता गच्चीवर पाटी लावली आहे, 'काट्याबाहेर मूठ नाही'. इंदूबाई पाटीकडे पाठ करून बसतात.

शेखर, तुझा मालही त्याच वेळचा होता. तीच गच्ची, त्याच मुठी. दुबईने तीन पानी तक्रार लिहिली. तुझ्याकडून एक ओळ आली, माल उत्तम स्थितीत पोचला. मला हायसं वाटलं. वाटलं, युरोपातलं बंदर समजूतदार दिसतं. परवा मुंबईच्या एजंटाशी दुसऱ्याच कामाचं बोलत होते, तेव्हा तो सहज बोलून गेला, की तुमचे रॉटरडॅमवाले साहेब फार सज्जन. तेव्हा त्यांचाही माल अडकला होता, स्वतः जाऊन एकेक पेटी उघडून वजन करून दिलं, आणि मला म्हणाले, अमरावतीला कळवू नका.

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. जुने सगळे मेल पुन्हा वाचले. दोन वर्षांपूर्वी सरगुंड्यांचा चुरा झाला होता. सिंगापूरने फोटो पाठवले, तू लिहिलंस उत्तम. मागच्या खेपेला मीठ जास्त पडलं होतं, हे आम्हाला इथेच कळलं होतं, माल निघाल्यावर. तू लिहिलंस उत्तम, आणि पुढची मागणी वाढवलीस. तिखट कमी करा नाही, जास्त करा नाही, पिशवी बदला नाही. गिऱ्हाईक असं नसतं रे.

काल बेबीताईंना हे सांगितलं. त्या पुदिना निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्याले खायचं रायते तो बोंबलते. हा तं बोंबलूनच नाही राहिला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मॅडम, तो माल इकून नाही राहिला. ठेवून राहिला." मग विचारलं, "कोन हाये हा मानूस?" मी म्हटलं, कॉलेजमध्ये होता माझ्याबरोबर. त्यांनी पुदिना बाजूला ठेवला आणि चहा टाकला. पुढे काही विचारलं नाही. भातकुलीच्या बाईने विचारलं नाही म्हणजे तिला कळलं.

तुझंही घर भातकुलीतच होतं. भाजीच्या टोपल्यांबरोबर सकाळच्या गाडीने यायचास, टोपल्या मंडईत उतरवून कॉलेजला. वहीला मेथीचा वास. मला त्या वासाची इतकी सवय झाली होती, की पुढे कितीतरी वर्षं भाजीवाल्याकडे मेथी घेताना मी उगीच रेंगाळायचे.

आणि तो दिवस, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला. तू पुस्तक परत द्यायला आलास, आणि आईने जेवायला थांबवलं. सरगुंडे आणि आमरस होता. आमच्याकडे हे जेवण जावयाला वाढतात, ते तुला ठाऊक होतं, आईला तर होतंच. बाबा, रेल्वेतले बुधाजी, ज्यांना साहेबसुद्धा दबून असत, ते त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात अवघडून उभे होते. तुमच्या घरातलं कुणी आमच्याकडे पाणीही प्यायलं नव्हतं. तू पाटावर बसलास, खाल्लंस, आणि वाटी पुढे करून म्हणालास, "काकू, अजून." आईने काठोकाठ भरली. नंतर तिने ओट्याकडे तोंड करून पदराने डोळे पुसले, ते तू पाहिलं नाहीस.

ती बातमी तुझ्याआधी भातकुलीला पोचली. पुढे तुझ्या काकांनी बाबांना स्टेशनवर गाठून काय सुनावलं, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. तू मस्कतला गेलास. जाताना भेटलास, तेव्हा मला वाटलं तू काहीतरी म्हणशील. रागावशील, माझ्यावर, तुझ्या घरच्यांवर, कुणावर तरी. तू म्हणालास, सगळं ठीक होईल. वर्षभराने माझं लग्न ठरल्याचं कळवलं, तर तुझं कार्ड आलं. अभिनंदन, फार आनंद झाला. अनुप चांगले होते, शेखर. संसार सुखाचा झाला, हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. पण तुझं ते कार्ड मला कधी खरं वाटलं नाही.

मधेच उठून अंगणात जाऊन आले. पाय भाजले. आता जे लिहायला बसले ते लिहिते.

तू यंदा मागणी तिप्पट केली आहेस. तेवढा माल गच्चीवर होत नाही. म्हणून वाळवणाचं यंत्र आणि शेड घ्यायचं ठरतं आहे, अकोल्याच्या दुकानांना यंदा माल नाही म्हणून कळवायचं आहे. आणि इंदूबाई शाळेत खिचडी शिजवतात, ते काम त्या सोमवारी सोडणार आहेत. वीस वर्षांचं काम. ती जागा परत मिळायची नाही. बाकीच्या बायाही आपापली धुण्याभांड्याची घरं सोडतील. हे सगळं, रॉटरडॅमला लोक आमचे सरगुंडे आवडीने खातात या एका गोष्टीवर उभं आहे. ती खरी आहे का? तुझ्याकडून हे पुडे कुणी विकत नेतं का, की ते तुझ्या गोदामात एकावर एक रचलेले आहेत? तू आमच्या मापावर वरून मूठ टाकतो आहेस, असं मला वाटतं. इंदूबाईंची मूठ दुबईने परत पाठवली, तेव्हा आम्ही शिकलो. तुझी मूठ तशी परत आली नाही, आणि तिच्यावर आम्ही घर बांधायला निघालो. म्हणून हेही मेलनेच पाठवते आहे, सोमवारच्या आत मला खरं लिही. खपत असतील तर जितके खपतात तेवढेच मागव. कुणीच नेत नसेल तर मागणी रद्द कर, मी बायांना सांगेन, अकोल्याची दुकानं अजून हातची गेलेली नाहीत. आणि त्यातला एक पुडा आज फोड, शिजव, खा. मीठ जास्त असेल, सरगुंडा तुटत असेल, आईच्या हाताची चव आली नसेल, तर तसं स्पष्ट लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल. आयुष्यात एकदा माझ्याजवळ तक्रार कर, शेखर. उत्तम आहे असं लिहू नकोस.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझीच,
नीलम