रायापूरची आठ एकर, सोमवारपर्यंत

मी सुमंत शंकर शहापूरकर, वय सत्तावीस, राहणार कमरीपेठ, हुबळी. धंदा निवडणुकीत रिक्षातून माईकवर ओरडणे, एरवी फिरणे. माझं हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहितोय. कोणी दमदाटी केलेली नाही, दारू प्यायलेलो नाही. डोकं ठिकाणावर आहे. वकील दीपश्री मॅडम म्हणाल्या, तुझ्याच शब्दांत लिही, फक्त फाटे फोडू नकोस. बघतो.

कलम १. यापूर्वी माझ्या सहीने झालेलं मृत्युपत्र मी पूर्णपणे रद्द करतो. असं काही आहे हे मला मंगळवारी कळलं. चोवीस वर्षांचा असताना मी मृत्युपत्र केलं होतं म्हणे!

कलम २. रायापूरला हमरस्त्याला लागून आठ एकर चार गुंठे जमीन माझ्या नावावर आहे. हेही मंगळवारीच कळलं. गोकर्णहून आलो तर आईचं बीपीएल रेशनकार्ड रद्द झालेलं. चौकशीला गेलो. कारकुनाने कॉम्प्युटरात बघितलं आणि उठून खुर्ची दिली. "बर्री साहुकार्रे, या सावकार, बसा! आठ एकरांचा मालक रेशनच्या तांदळासाठी रांगेत?" मागची माणसं हसली. मीपण हसलो. मग त्याने कागद काढून दिला. नाव माझं, वडिलांचं नाव माझ्या वडिलांचं. मी तो घडी घालून खिशात ठेवला.

ती जमीन माझी नाही. केशवापूरला राहणाऱ्या विधवा भागीरथीअक्कांची आहे. मी मेलो तर ती सगळीच्या सगळी त्यांना मिळावी. आई आणि बहीण उत्तरा यांना हे वाचून दाखवलंय. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या जमिनीपायी माझं कार्ड गेलं होय रे?" एवढीच तिची हरकत.

कलम ३. जमीन माझ्याकडे कशी आली ते लिहायलाच पाहिजे, नाहीतर कोर्टात मीच चोर ठरेन.

मंत्री पुंडलिकअण्णा कलघटकर आमच्याच पेठेतले. आधी त्यांचं मांडव आणि स्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. सगळ्या पक्षांच्या सभांना स्पीकर त्यांचेच, त्यामुळे सगळी भाषणं पाठ. एकदा एक पुढारी आलाच नाही, तेव्हा अण्णांनी उभं राहून त्याचंच भाषण ठोकलं, आणि पुढारी बोलला असता त्याहून बरं. तिथून नगरसेवक, मग आमदार, मग मंत्री. तीन पक्ष बदलले. तिन्ही वेळा रिक्षा माझा दोस्त वेंकटेशचीच, आवाज माझाच. फक्त मागचा बॅनर नवा. कमरीपेठेत नळाला पाणी त्यांनी आणलं, हे खोटं नाही. माझे वडील गेले तेव्हा तिरडीला खांदा दिला, हेही खोटं नाही. म्हणून तर हे कलम तिसऱ्यांदा लिहितोय.

गेल्या निवडणुकीआधी अण्णांनी अक्कांना सांगितलं, नवऱ्याच्या नावाने मुलींचं वसतिगृह काढू, जमीन द्या. अक्का शाळेत शिकवायच्या, मूलबाळ नाही. तयार झाल्या. "संस्था नोंदवायला सहा महिने लागतात, तोवर आपल्या एका पोराच्या नावावर ठेवू," असं अण्णा त्यांना म्हणाले. मला म्हणाले, "साक्षीदार म्हणून चल." रजिस्ट्रारकडे अंगठा दिला, फोटो दिला. त्याच आठवड्यात पक्षाच्या कचेरीत बूथ एजंटच्या फॉर्मांचा गठ्ठा आला. दर निवडणुकीला येतो, आम्ही पोरं एकामागून एक सह्या ठोकतो. त्यातच मृत्युपत्र होतं: माझं सगळं अण्णांच्या मुलाला. कन्नड मला वाचता येतं. वाचलं नाही. बाहेर चुरमुऱ्यांचं गिरमिट गार होत होतं.

अक्कांनी मला जमीन दिल्याच्या त्या बक्षीसपत्रावरच्या फोटोत अक्का आणि मी शेजारी शेजारी आहोत. दोघंही हसतोय.

आणि नंतर महिनाभर रिक्षातून "रायापूरला लेकींचं वसतिगृह!" असं ओरडत कोण फिरलं? मीच.

कलम ४. मंगळवारी संध्याकाळी अण्णांच्या बंगल्यावर गेलो. झोपाळ्यावर होते.

"अण्णा, ती जमीन माझ्या नावावर आहे."

"मग? नावावर असली म्हणजे तुझी झाली काय रे? वेळ आली की सांगेन, सही करशील."

"आणि मी मधेच मेलो तर?"

"त्याची सोय केलीय की. तुझं मृत्युपत्र आहे माझ्याकडे." अण्णा हसले. "घाबरतोस कशाला? सगळ्या पोरांकडून घेतो. पद्धतच आहे ती."

"वसतिगृह?"

"होईल रे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, वडिलांच्या वेळी ठेवला होता तसाच. "तू फार फिरतोस, सुमंत. घाटातून, मोटारसायकलवर. जपून राहा बाबा. जेवून जा."

जेवलो नाही. त्यांच्या घरातून न जेवता निघालेला मी पहिलाच असेन.

कलम ५. तिथून केशवापूरला अक्कांकडे. भाड्याची एक खोली. आवाजावरून ओळखलं मला. "रिक्षातला पोरगा ना तू? वसतिगृहाचा पाया घातला का रे?" मी सगळं सांगितलं. कारकुनाने दिलेला कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "मी पण वाचलं नाही रे. आणि मी तर मास्तरीण."

कलम ६. जमीन आजच परत का देत नाही? तर रजिस्ट्रारकडे सोमवार, १७ तारीख मिळाली आहे. आज गुरुवार. तोवर मी मेलो तर जमीन अण्णांच्या घरात जाईल. या कागदाला मात्र दोन साक्षीदार पुरतात, तारीख लागत नाही. म्हणून घाई.

कलम ७. बाकीचं. मोटारसायकल उत्तराला, ब्रेक आधी दाखवून घे. माईक आणि भोंगा वेंकटेशला द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देऊ नये असं मॅडमचं म्हणणं, म्हणून तोही उत्तराला. तिने तो रिक्षावर बांधू दिला तर माझी ना नाही. अण्णांनी दिलेलं घड्याळ अण्णांना परत.

कलम ८. इतर पोरांनी आपापल्या नावावर काय काय आहे ते बघून यावं. मी सहा जणांना सांगितलंय. दोघं बघायला गेले, तेव्हापासून त्यांचे फोन बंद आहेत.

कलम ९. सोमवारच्या आधी मला काही झालं तर शोकसभा ठेवू नये. ठेवलीच तर अण्णांना माईक देऊ नये. ते फार छान बोलतात. रडतील, आणि खरोखर रडतील, आणि लोकांना वाटेल, एवढं प्रेम करणारा माणूस असं कसं करेल. मलाही अजून तेच वाटतंय.

वाचून, समजून, या वेळी प्रत्येक पान वाचून, सही केली.

सुमंत शंकर शहापूरकर

साक्षीदार:
१. ॲड. दीपश्री कुलकर्णी, धारवाड. सुमंतने माझ्यासमोर सही केली.
२. वेंकटेश जाधव, रिक्षाचालक, कमरीपेठ. माझ्यासमोर सही केली. सोमवारपर्यंत तो माझ्या घरी झोपेल. रजिस्ट्रारकडे मीच नेणार.

स्थळ: हुबळी
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५