पिचरची दोन वर्षं

येना, जर्मनी, ६ जुलै २०२५

ती. स्व. दिनकरमामांस,
शमिकाचा सा. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून सविस्तर उत्तर हवं तर कागदच बरा. मी ठीक आहे. थीसिस रांगतोय.

एक गंमत. आमच्या लॅबमधली उर्सुला एका छोट्या बेसबॉल क्लबची अध्यक्ष आहे. त्यांचा पिचर श्टेफान, वय चौतीस, हंगाम संपला की करारातून मोकळा होणार. राहायचं तर दोन वर्षांचा नवा करार मागतोय. नाही मिळाला तर सगळं सोडून मेहुण्याच्या फरशीच्या धंद्यात जाणार. क्लबला असा एकच माणूस परवडतो, तेव्हा चूक नको. मी हंगामभर लॅबच्या कॅमेऱ्यानं सगळ्यांचाच वेग मोजतेय, आणि त्याचा उतरलाय. आता अहवाल मी द्यायचाय! तुम्ही जिमखान्याचे तीस वर्षं सेक्रेटरी. एखाद्या माणसात अजून दोन वर्षं आहेत का, हे कसं हो ओळखायचं?

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो टपालाच्या आधी पोचावा.

तुमची भाची,
शमिका

---

मिरज, २४ जुलै २०२५

चि. शमिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पिच सांभाळणाऱ्याचा वेग कॅमेऱ्यानं मोजलास, हे वाचून मला हसता हसता ठसका लागला. अगं, रोलर ओढायला वेग कशाला? शर्यत आहे का? आमच्या जिमखान्याच्या रंगनाथच्यानं साठीत रोलर ढिम्म हलत नव्हता, पण मातीत अंगठा दाबून पाणी किती हवं ते सांगायचा. तुझा तर चौतिशीचा, म्हणजे पोरगाच की!

माझं ऐक. मॅचच्या दुसऱ्या दिवशी, कोणी बघायला नसताना जा. तो मैदानावर आहे का? आपली विद्या दुसऱ्या कुणाला देतो का? एवढं बघ आणि बिनधास्त हो म्हण.

तुझी मामी सुरेखा विचारते, भाकरी जमते का अजून? लोभ कमी पडला तर कळव, इथे भरपूर आहे.

तुझा,
दिनकरमामा

---

येना, १७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

अहो मामा, पिचर म्हणजे मैदानाचा माळी नव्हे! पिचर म्हणजे त्यांचा बोलर. टप्पा न टाकता, कोपर वाकवून फेकतो. तुम्ही अंपायर असता तर प्रत्येक चेंडूला नोबॉल दिला असता. उर्सुलाला सांगितलं तर ती खुर्चीवरून पडायची बाकी होती.

तरी सोमवारी मैदानावर गेलेच. होता की तो! हातात दाताळं, कारण इथे जमीनही खेळाडूच सारखी करतात. शेजारी दोन नवे पिचर. पाऊल कुठे टेकायचं ते त्यांना दाखवत होता. घरी येऊन आकडे पाहिले तर त्याचा वेग उतरलाय आणि त्या दोघांचा चढलाय. मी आनंदानं ‘दोन वर्षं द्या’ असं लिहायला बसले.

आणि मग चित्रफितीत दिसलं. खेळ पुढे जातो तसा त्याचा हात जरा जरा खाली येतो. कोपर दुखतंय आणि तो लपवतोय. नाव न सांगता एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, असाच फेकत राहिला तर दोन वर्षं टिकणार नाही. लिहिलं तर त्याचा करार गेला, नाही लिहिलं तर कोपर गेलं. मला झोप नाही. काय करू?

उत्तराची आणि लोभाची वाट पाहणारी,
शमिका

---

मिरज, ४ सप्टेंबर २०२५

चि. शमिकास,
अ. उ. आशीर्वाद.

पिचरला माळी समजलो, त्यावरून सुरेखा रोज चिडवते. आमटी अळणी आहे म्हटलं की म्हणते, आधी कॅमेरा आणा.

आता खरं सांगतो. रंगनाथला काढायचा ठराव माझ्या सहीनं झाला. ठराव चुकीचा नव्हता, त्याच्यानं काम होत नव्हतं. पण मी त्याला तोंडानं सांगितलं नाही. शिपायाबरोबर पत्र धाडलं आणि तो समोर यायला नको म्हणून आठ दिवस मैदानाकडे फिरकलो नाही. पुढे बाजारात दिसला की मी रस्ता बदलायचो. तो गेला तेव्हाही त्याच्या घरी गेलो नाही. शमे, मला याची आजही लाज वाटते.

अहवालात खरं तेच लिही. पण आधी त्याला सांग, समोर बसून. तो काय म्हणतो ते पुरतं ऐक आणि मगच ऊठ.

लोभ तर आहेच, धीरही धाडतो आहे.

दिनकरमामा

---

येना, १२ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. त्याच्याच स्वयंपाकघरात, बायको शेजारी. घोकून नेलेलं जर्मन ऐन वेळी विसरले, मग सरळ लॅपटॉपच उघडला. त्यानं एकच फीत चारदा पाहिली. बायकोनं कोपऱ्यातली तारीख वाचली आणि म्हणाली की ही तर मे महिन्याची आहे, मला तू ऑगस्टपासून दुखतंय म्हणाला होतास. त्यानं मान खाली घातली. मी तिथेच बसून राहिले, तुम्ही सांगितलं होतं म्हणून.

दुसऱ्या आठवड्यात ती फीत घेऊन तो स्वतःच कमिटीपुढे गेला. एकच वर्ष मागितलं. कमी फेकेन, उरलेला वेळ त्या दोघांना शिकवेन, म्हणाला. हा व्यवहार परवडेल का, असं उर्सुलानं मला विचारलं. मी म्हटलं, गेनाऊ, म्हणजे अगदी, परवडेल. माझा अहवालही एक अक्षर न बदलता सोबत जोडला.

काल सह्या झाल्या. कागद त्याच्या जुन्या मागणीप्रमाणे दोन वर्षांचाच छापलेला होता. त्यानं दुसरं वर्ष स्वतः खोडलं आणि सही केली. मग बायकोनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि खोडलेल्या ओळीच्या वर डॉक्टरकडे जायची तारीख लिहिली. करारावर असं चालत नाही, म्हणून खजिनदार कुरकुरला. उर्सुला म्हणाली, राहू दे, हे कलम सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मामींना नमस्कार. लोभ असाच कान धरून सांगणारा असू द्यावा.

तुमची,
शमिका