आठ दातांची जोडी

पणदरे,
३ जून

प्रिय नंदा,

पत्र बघून तुला नवल वाटेल. हातात फोन असताना दादाला कागद-पेनाची काय हौस आली, म्हणशील. पण फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस, मागं भांडी वाजत असतात, तुझ्या सासूबाई मध्येच माझ्या कंबरेची चौकशी करतात आणि मला जे सांगायचंय ते घशातच राहतं. दवाखान्यात तीनदा तुझ्यासमोर तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा चहा सांगायला बाहेर गेलो. म्हणून आज सकाळी गुरांचं उरकलं आणि जुनी वही घेऊन ओट्यावर बसलोय. तुझ्या वहिनीला ठाऊक आहे मी काय लिहितोय. तिचं जे बोलायचं ते तिनं मार्च महिन्यातच बोलून ठेवलं होतं.

माझ्या मणक्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केली, तेव्हा पिकअप दाजींना द्यायची हे मीच सुचवलं होतं, तुला आठवत असेल. तुमचे पेरू बारामतीच्या मार्केटला जातील आणि माझी गाडी दारात गंजणार नाही, एवढा साधा विचार होता. वर्षभर कुणाची काही तक्रार नव्हती. मग यंदा मार्चमध्ये दाजी एकदा मार्केट उरकून तुपाचा डबा न्यायला पणदऱ्याला आले. ते हातपाय धुवायला गेले आणि मी सवयीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या हौद्यात फळ्यांच्या सांदीत ओली माती सुकून बसली होती. सीटच्या मागं फावडं आणि दोन घमेली. पेरूच्या गाडीत घमेली कशाला? मी विचारलं, तर दाजी हसून म्हणाले, “असंच, घरचं किरकोळ काम.” तू तर ओळखतेसच त्यांना, त्यांना खोटं बोलता येत नाही. बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि तेवढंच माझ्या मनात रुतून बसलं.

त्यानंतर मी एकेक गोष्ट हेरायला लागलो. सकाळी दहा ते बारा त्यांचा फोन लागायचा नाही. बारामतीच्या फेऱ्या आणि गाडीचे किलोमीटर जुळायचे नाहीत. त्यात तुमच्याकडच्या अप्पांची स्टँडवर गाठ पडली. ते सहज बोलून गेले, “तुमची पिकअप दिसती की रोज, खाली पाण्याच्या अंगाला वळताना.” पाण्याच्या अंगाला! नंदा, त्या भागात वाळूच्या गाड्या कशा पकडल्या जातात ते आपण पेपरात वाचतो. गाडी माझ्या नावावर. घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, “आवो, सरळ विचारा की त्यास्नी. तुमचेच दाजी हायत.” पण विचारलं आणि खरं निघालं तर? आणि खोटं निघालं तर त्यांनी माझ्याबद्दल काय समजायचं? मी दोन्हीकडून भ्यालो आणि गप्प राहिलो. गप्प बसलं की संशयाला खाद्य लागत नाही, तो आपला आपण वाढतो.

एप्रिलमध्ये गाडी मागून घोंघावायला लागली. दाजींनी ती भिगवण रोडला मोहनराव मिस्त्रींकडे लावली आणि मला बोलावून घेतलं. मिस्त्रींनी मागच्या ॲक्सलचा गोळा उघडला. आतलं ऑइल काळं, त्यात लोखंडाचा चुरा चमकत होता, आणि दोन दात तुटलेले. तुला यातलं कळावं म्हणून सांगतो. त्या गोळ्यात दोन गियर एकमेकांत अडकलेले असतात, एक लहान, एक मोठा. इंजिनाचा जोर त्यांच्यातूनच चाकांना पोचतो. बदलायचे तर दोन्ही एकदम, जोडीनंच. मिस्त्रींनी फळीवर दोन जोड्या मांडल्या. एक आपल्या गाडीला मुळात होती तशी, लहान गियरला आठ दात, मोठ्याला एक्केचाळीस. दुसरीत लहान गियरला दहा. आठाची घेतली तर गाडी पळायला मंद, पण भरलेला माल घेऊन चढ चढते. दहाची घेतली तर रस्त्याला मोकळी पळते, डिझेल कमी खाते, पण ओढ कमी.

मिस्त्री म्हणाले, “सपाटीला चालवायची असंल तर दहाची बसवा. बारामती-इंदापूर रस्त्याला कुठं चढ हाय?” मलाही ते पटलं. पण दाजी लगेच म्हणाले, “न्हाय, आठाचीच पायजे. आपल्याला ओढ लागती.” मी म्हणालो, पेरूला कसली एवढी ओढ? तर ते खाली बघून पान्ह्याशी खेळत बसले, आणि एवढंच म्हणाले, “असू द्या दादा, कधी लागली तर.” त्या क्षणी माझी खात्रीच पटली. पाण्याच्या काठावरनं ओली वाळू भरून वर काढायची तर आठाचीच जोडी लागणार.

दुसऱ्या आठवड्यात मी एसटीनं तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? तू म्हणालीस, न सांगता कसा आलास. मी गाडी बघायला आलो होतो. तू आत भाकरी थापत होतीस आणि मी हौद्याला हात लावून उभा होतो. माती होती तिथं. चिमूटभर उचलून बोटांत चोळली असती तर कळलं असतं. तीस वर्षं शेतात घातलेला हात आहे, वाळू कुठली आणि गाळ कुठला हे त्याला अंधारातही कळतं. मी चोळली नाही. हात पँटला पुसला आणि तुझ्या पानावर येऊन बसलो. ती भाकरी मला कशी गेली, मलाच माहीत.

आणि मग मे महिन्यातला तो फोन. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दाजींना आत नेलं होतं आणि तू बाकावर बसली होतीस, कोपरापर्यंत मातीनं भरलेली. तिथं तू मला सांगितलंस. माळावरचा तो तुकडा, सीताफळाचे एकशे चाळीस खड्डे, बंधाऱ्यातला गाळ तुम्ही दोघं रीतसर परवानगी काढून आणत होता, एकेक खेप वर चढवत. निम्मे खड्डे भरूनही झाले होते. दादाला सांगायचं नाही असं तूच ठरवलं होतंस, कारण गेल्या दिवाळीला तुम्ही माळाचा विषय काढला तेव्हा मी सगळ्यांसमोर हसलो होतो. “तिथं दगड पिकतात,” असं म्हणालो होतो. झाडं लागली की एकदम आणून दाखवायचं, असं तुमचं दोघांचं चाललं होतं. मला उभं राहवेना. तू समजलीस मणका दुखतोय, आणि सरकून जागा दिलीस.

चढावर गाडी कशी थांबली, क्लचचा कसा वास सुटला, इंजिन बंद पडलं, ब्रेक दगडासारखा कडक झाला आणि ती भरल्या अंगानं मागं कशी घसरत आली, हे तू वरच्या खड्ड्याशी उभं राहून बघितलंस. दाजींनी उडी टाकली आणि मांडी गाडी अन् बांधाची दगडी ताल यांच्यामध्ये सापडली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “दादा, तुमच्या गाडीची नासाडी झाली. माझाच गियर चुकला.” मी मान हलवली. नंदा, मी नुसती मान हलवली! तूही रागाच्या भरात चार माणसांत त्यांना घाईचा माणूस म्हणालीस, आणि मी तेही ऐकून घेतलं.

परवा तू फोनवर सांगितलंस की दाजी आता स्टेअरिंगला हात लावणार नाहीत म्हणतात, रोपं नकोत म्हणून नर्सरीत कळवलं, राहिलेले खड्डे बुजवून टाकायचे. आपल्याला साधी गाडी वर चढवता आली नाही, असं म्हणून ते भिंतीकडं तोंड करून पडतात, हेही सांगितलंस. म्हणून हे पत्र. त्या दिवशी गॅरेजमधून दाजी पेरूवाल्याचा फोन आला म्हणून बाहेर गेले, तेव्हा मी मोहनरावांना दहाची जोडी बसवायला सांगितली, आणि दाजींना आठाचीच आहे म्हणून सांगा असंही. मिस्त्रींनी मला बजावलं होतं, “भरल्याली गाडी चढाला उचलायची न्हाय बरं का, क्लच जळंल.” ते मी नीट ऐकलं होतं. वाळू वर चढू नये, म्हणूनच तर मी ती निवडली होती. पुढं दाजी मला कौतुकानं सांगायचे, नवी जोडी बसवल्यापासून डिझेल कमी लागतंय, मिस्त्रींनी काम झकास केलं, आणि मी हूं म्हणायचो. रविवारी मी येतोय. दाराशी उभं करायचं की घरात घ्यायचं ते तुम्ही दोघं ठरवा. पण मी यायच्या आधी हे त्यांना वाचून दाखव, सगळं, एकही ओळ न गाळता. आणि आधी एवढं सांग की त्यांचा गियर चुकला नव्हता. गाडी ओढून काढली तेव्हा गियरचा दांडा मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. त्यांनी पहिलाच टाकला होता, बरोबर टाकला होता.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
रणजितदादा