एक जास्तीचा ‘ल’

ताई,

फोनवर तू मला पुन्हा श्रावणबाळ म्हणालीस आणि मी घाईने फोन ठेवला. खरं सांगायची छाती नाही, म्हणून लिहितोय. पाठवीन असंही नाही.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या पेसमेकरची बॅटरी संपत आली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, “आजोबा, नवीन बसवायची ना?” बाबा सत्त्याऐंशीचे, पण डोकं लख्ख. ते म्हणाले, “पुरे.” पंख्याच्या घरघरीत डॉक्टरांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “पुरेल का, असं विचारताहेत.”

“दहा वर्षं पुरेल की!” डॉक्टर हसले.

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने सही केली. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस. एक अक्षर जास्तीचं पडलं तरी पान पुढे सोडायचा नाही. माझा ‘ल’ मात्र त्यांनी सोडला, कारण मी घाबरलोय हे त्यांना दिसलं होतं.

आता ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला ओळखत नाहीत. कूससुद्धा मीच बदलतो.

आज तपासणीला नेलं. छातीवर यंत्र टेकवून तपासणाऱ्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “ठोके अगदी झकास! बॅटरी अजून सात वर्षं पुरेल.”

कित्येक महिने गप्प असलेले बाबा काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणतात आजोबा?” बाईंनी मला विचारलं.

त्यात ‘ल’ नव्हता, ताई. मी नीट ऐकलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

तुझा,
धाकटा