संशयित बाईंना आहे तिथेच ठेवणेबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी साहेब,
शाळा मंडळ कार्यालय, भिवंडी.

विषय : संगीत शिक्षिका सरलाबाई दामले यांची वडपे येथे झालेली बदली रोखून त्यांची चौकशी जागेवरच चालू ठेवणेबाबत.

संदर्भ : याच अर्जदाराचा याच बाईंविरुद्धचा मागील अर्ज.

महोदय,

अर्जदार राघो चिंधू तरे, राहणार काल्हेर, हा जकात नाक्यावरून निवृत्त झालेला नाकेदार असून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. ताडपत्री उचलून पाहिल्याशिवाय त्याने कधी ट्रक सोडला नाही.

१. अर्जदाराची नात कु. बकुळा हिला शाळेच्या समूहगीतात घेतले. मात्र ती घरी जी चाल गुणगुणे ती त्या गाण्याची नव्हतीच. चौकशीअंती कळले की पुढच्या रांगेला एक चाल आणि मागच्या रांगेतल्या बकुळा धरून चौघींना दुसरीच, तीही खालच्या सुरातली, शिकवली जाते. भजनात अख्खा गाव एकच चाल गातो. वर केळी आणि खाली कापड, हा माल अर्जदाराच्या ओळखीचा आहे.

२. बाईंना विचारले असता, "आजोबा, दोन्ही चाली मिळूनच गाणं होतं. आपली सोडायची नाही आणि दुसरीची ऐकायची, एवढंच शिकवते," असे त्यांनी हसून सांगितले. कागद बरोबर नसलेले ड्रायव्हरही असेच हसत. सबब बाईंना येथून हलवावे असा मागील अर्ज अर्जदाराने केला, आणि खबरदारी म्हणून नातीकडून रोज संध्याकाळी पेटीवर पुढच्या रांगेची चाल घोटून घेतली.

३. बदलीचा हुकूम निघाला त्याच दिवशी अर्जदार तालमीला जाऊन बसला. बकुळेने आजोबांची चाल धरली. बाकीच्या तिघी गोंधळून तिच्यामागे गेल्या आणि गाणे मीठ विसरलेल्या कालवणासारखे झाले. तिला कोणी बोलले नाही. पुढच्या रांगेतली नसीम, लूमवर काम करणाऱ्याची मुलगी, मागे येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. "डर मत, तेरावाला पकड," म्हणाली आणि तिच्या कानाशी खालची चाल गात राहिली. स्वतःची नसलेली चाल हिला पाठ कशी, हेही संशयास्पद आहे. बकुळेने ती पकडली. मग दोन्ही रांगा एकदम लागल्या तेव्हा अर्जदाराच्या अंगावर काटा आला. सदर काटा कोणाच्या चिथावणीवरून आला, याचा तपास अद्याप लागलेला नाही.

४. त्या दिवसापासून बकुळा अर्जदाराशी बोलत नाही. जेवण वाढते, चष्मा शोधून देते, बोलत नाही. अर्जदाराची पत्नी द्रौपदी म्हणते, "बाईवर शक घेतलाव, आता पोरीचा राग सोसा." साक्षीदार घरातलाच आणि फितूर असल्याने या साक्षीस किती वजन द्यावे ते आपण ठरवावे.

५. अर्जदार आपली तक्रार मागे घेत आहे असे कृपया समजू नये. संशयित माल नाक्यावरच अडवून ठेवतात, पुढे वडप्याला सोडत नाहीत. तरी बाईंना याच शाळेत जिल्ह्याची स्पर्धा होईपर्यंत, आणि प्रकरण गुंतागुंतीचे असल्याने बकुळा दहावी होईपर्यंत, अडकवून ठेवावे. नजर ठेवण्यास अर्जदार प्रत्येक तालमीला विनावेतन हजर राहील. बाईंनी त्याला कोपऱ्यात स्टूल दिले असून, पेटीवर एकच सूर धरून बसा, मध्ये चाल वाजवू नका, असे बजावले आहे. यामागचा हेतू कळत नाही. सूर मात्र धरला आहे.

स्पर्धा तोंडावर आली आहे, विलंब न व्हावा.

आपल्या हुकुमाकडे डोळे लावून बसलेला, नम्र अर्जदार,
राघो चिंधू तरे
काल्हेर, ता. भिवंडी
दि. ९ डिसेंबर १९८९

सोबत : मागील अर्जाची नक्कल. (आपल्याकडील मूळ प्रत गहाळ झाल्यास अर्जदाराची हरकत नाही.)

ता. क. : हा अर्ज बकुळेने वाचला. हुकूम आल्यावर बोलेन, असा तिचा निरोप द्रौपदीमार्फत आला आहे.